एका गोळीत टिपायचे तर आधी पाय थांबले पाहिजेत

खानापूरच्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने विचारले आहे की, तीन वर्षे काउंटर-स्ट्राइक आणि व्हॅलोरंट हे संगणकावरचे बंदूकबाजीचे खेळ खेळूनही एका गोळीत समोरचा का टिपता येत नाही. रोज तासभर एम ट्रेनरवर, म्हणजे नेम शिकवणाऱ्या प्रोग्रामवर, सराव होतो, साठवलेल्या पैशांतून चांगला माउसही घेऊन झाला, गोळ्यांचा फवारा मारला की समोरचा पडतो, पण पहिली गोळी हमखास कानाजवळून निघून जाते, असे त्यांचे म्हणणे आहे. १६०० डीपीआय (माउस एक इंच हलला की तो मोजतो ते ठिपके) आणि गेममध्ये १.५ सेन्सिटिव्हिटी (त्या ठिपक्यांवर नजर किती वळते तो आकडा) ही आपली सेटिंग्ज त्यांनी कळवली आहेत, काउंटर-स्ट्राइकच्या एका सामन्याचे रेकॉर्डिंग पाठवले आहे, मोबाइलवरच्या बीजीएमआय या बंदूकबाजीच्या खेळातही हेच होते असे लिहिले आहे, आणि दिवाळीत १४४ हर्ट्झचा मॉनिटर घ्यावा का, असे शेवटी विचारले आहे.

बेळगावात टिळकवाडीत माझा गेमिंग कॅफे आहे. काउंटर-स्ट्राइक १.६ च्या दिवसांपासून मी स्वतः खेळत आलो आणि अलीकडे निपाणी, चिकोडी, संकेश्वरकडून शनिवार-रविवारी येणाऱ्या मुलांच्या खुर्चीमागे उभे राहून त्यांचा खेळ पाहणे हेच माझे मुख्य काम होऊन बसले आहे. खेळणाऱ्याला दिसत नाही ते मागे उभ्या असलेल्याला दिसते. त्या सवयीने तुमचे रेकॉर्डिंग पाहिले आणि माझे मत असे झाले की, तुमचा हात चांगला आहे. त्याला जे काम मुळात पडायलाच नको, ते तुम्ही त्याच्याकडून करून घेत आहात.

मिराज या नकाशावरची, म्हणजे खेळाच्या मैदानावरची, ती एकच लढत घेऊ, जिच्यात तुम्ही पॅलेस नावाच्या भागातून खांबांच्या बाजूने बाहेर पडता. मी ती पाव वेगाने पाहिली. तुम्ही बाहेर येता तेव्हा क्रॉसहेअर, म्हणजे पडद्यावरची नेमाची खूण, समोरच्या फरशीवर, माणसाच्या गुडघ्याच्या उंचीवर आहे. उजवीकडे शत्रूचा खांदा दिसतो. क्रॉसहेअर झटक्याने वर आणि उजवीकडे जातो, डोक्याच्या थोडा पुढे निघून जातो, मग परत डावीकडे येतो, आणि तो डोक्यावर पोहोचतो त्याच क्षणी तुम्ही बटण दाबता. इथवर हाताने सगळे बरोबर केले आहे. पण खेळातली तुमची बाहुली अजून उजवीकडे सरकतच आहे, म्हणजे डी ही कळ दाबलेलीच आहे. गोळी हेल्मेटला चाटून जाते. खांदा दिसल्यापासून गोळी सुटेपर्यंत सेकंदाला ६० फ्रेमच्या (चित्रांच्या) रेकॉर्डिंगमध्ये मी २९ फ्रेम मोजल्या, म्हणजे जवळजवळ अर्धा सेकंद. नुसते दिसल्यावर बोट हलायला माणसाला साधारण पाव सेकंदाच्या आत-बाहेर वेळ लागतो. वरचा सगळा वेळ क्रॉसहेअर फरशीवरून डोक्यापर्यंत ओढण्यात गेला आणि एवढे करून जी गोळी सुटली, ती चालत्या पायांवरून सुटली.

पायांचे आधी सांगतो, कारण मुलांना ते सर्वांत उशिरा पटते. काउंटर-स्ट्राइकमध्ये आणि व्हॅलोरंटमध्ये धावताना झाडलेली रायफलची गोळी क्रॉसहेअरच्या मध्यावर जाईल याची काहीही हमी नसते. गेम तिला ठरावीक वर्तुळात कुठेही सोडतो. काउंटर-स्ट्राइकमध्ये तुमचा वेग ती बंदूक घेऊन धावण्याच्या पूर्ण वेगाच्या साधारण एक तृतीयांशाखाली आला, की ते वर्तुळ मिटते आणि उभे राहून मारल्यासारखी अचूकता मिळते. कळ नुसती सोडली तर बाहुली थोडी घसरत जाऊन थांबते. म्हणून उजवीकडे जाताना डी सोडून लगेच ए ही उलटी कळ क्षणभर टोचायची असते, म्हणजे वेग जागच्या जागी मोडतो. याला सगळे काउंटर-स्ट्रेफिंग म्हणतात. आमच्या कॅफेतली मुले 'ब्रेक मारणे' म्हणतात आणि मला तो शब्द जास्त बरोबर वाटतो. बेल्जियमचा आदिल बेनर्लितोम, ज्याला जग स्क्रीम या नावाने ओळखते, तो एकेका गोळीने डोके टिपण्यासाठी प्रसिद्ध आहे. त्याचे जुने सामने काढा आणि क्रॉसहेअरकडे न पाहता फक्त त्याच्या हालचालीकडे पाहा. सरक, थांब, गोळी, सरक, असा तो एक ठेका आहे, आणि गोळी नेहमी थांब्यावरच पडते.

आता क्रॉसहेअर वाट कुठे पाहतो, ते पाहू. सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या शत्रूचे डोके पडद्यावर जवळपास एकाच रेषेत असते, मग तो जवळ असो की दूर. त्या रेषेवर क्रॉसहेअर ठेवून चाललात तर उरते ती फक्त डावी-उजवीकडची दुरुस्ती, आणि निम्मे ओझे तिथेच उतरते. उतार आणि जिने आले की ही रेषा बदलते. ते प्रत्येक नकाशावर डोळ्यांनी पाठ करावे लागते, त्याला दुसरा उपाय नाही. कोपऱ्याच्या बाबतीत मात्र एक गोष्ट कुणी सांगत नाही. आपल्याकडे जुन्या गल्लीत दुचाकी चालवणाऱ्याला ती आपोआप कळते: भिंतीला घासून वळणाऱ्याला समोरची गाडी अंगावर आल्यावरच दिसते, आणि भिंतीपासून हटून मोठे वळण घेणाऱ्याला ती आधी दिसते. गेममध्येही दोघांपैकी जो कोपऱ्यापासून जास्त लांब उभा असतो, त्याला दुसऱ्याचा खांदा आधी दिसतो. शिवाय क्रॉसहेअर कोपऱ्याच्या कडेला अगदी चिकटवून ठेवू नका. शत्रू धावत बाहेर येणार असेल, तर तुमचे बोट हलेपर्यंत तो पाऊलभर पुढे आलेला असतो, म्हणून कडेपासून तेवढी जागा सोडून थांबावे. किती जागा, हे तुमच्या स्वतःच्या बोटाच्या वेगावर ठरते, आणि ते मोजायचे तर पन्नास वेळा चुकावेच लागते.

बंदुकीच्या हिशेबाकडे तुम्ही दुर्लक्ष करता असे रेकॉर्डिंगवरून दिसले. पाचव्या फेरीत एम४ए४ या रायफलने तुम्ही एका शत्रूच्या डोक्यात गोळी मारलीत, तो पडला नाही, आणि तुम्ही गोंधळून थबकलात. गोळी लागली होती. एम४ए४ चा मूळ डॅमेज, म्हणजे एका गोळीने होणारी इजा, ३३ आहे, डोक्याला तो चौपट होतो, आणि हेल्मेट असेल तर त्यातला ७० टक्केच आत जातो. हे गणित ९२ वर थांबते आणि १०० हेल्थचा माणूस ८ वर जिवंत राहतो. एके-४७ चा मूळ डॅमेज ३६ आणि हेल्मेटमधून आत जाणारा भाग साडेसत्त्याहत्तर टक्के, म्हणून तीच गोळी १११ ची होते आणि माणूस पडतो. एके हल्ला करणाऱ्या बाजूची रायफल आणि एम४ बचाव करणाऱ्या बाजूची, आणि एवढ्या थोड्या फरकावर या दोन बाजूंचे स्वभाव बेतलेले आहेत. म्हणून एके हातात असेल तेव्हा पहिल्या गोळीवर सगळा भरवसा टाकावा, आणि एम४ हातात असेल तेव्हा डोक्यावर दोन गोळ्या हेच एकक मानावे. पहिल्या पिस्तूल फेरीत खरेदीला खेळातले ८०० डॉलर मिळतात आणि हेल्मेटसह चिलखताला १००० लागतात, त्यामुळे त्या फेरीत कुणाच्याच डोक्यावर हेल्मेट नसते आणि यूएसपी या पिस्तुलाची एक गोळी डोक्याला पुरते. तिथे घाईने बटण बडवणे हा निव्वळ तोटा आहे. व्हॅलोरंटमध्ये जड शील्डसह १५० हेल्थ होते. वँडल या रायफलचा हेडशॉट (डोक्याला लागलेली गोळी) कुठूनही १६० चा असतो, पण फँटम या रायफलचा जवळून १५६ चा असणारा हेडशॉट अंतर वाढले की १४० वर आणि आणखी लांबून १२४ वर येतो. लांब गल्ल्यांवर पहारा द्यायला आवडत असेल तर वँडल घ्या, एवढाच त्याचा अर्थ.

एडब्ल्यूपी या दुर्बिणीच्या बंदुकीबद्दल तुम्ही विचारले आहे की, ती घेतली तर हा प्रश्नच सुटेल का. ४७५० ची ती बंदूक पोटाला, छातीला, हाताला किंवा डोक्याला एकाच गोळीत मारते. पायाला लागली तर मात्र ८६ वर थांबते आणि लंगडत पळालेला शत्रू तुम्हाला पुढच्या कोपऱ्यावर गाठतो. चुकलेल्या गोळीनंतर पुढची गोळी सुटायला जवळजवळ दीड सेकंद लागतो, आणि तेवढ्या वेळात एकेवाला तुमच्या डोक्यापर्यंत निवांत येतो. तिला लक्ष्य मोठे मिळते, पण पाय थांबण्याची अट तिला सगळ्यांत कडक आहे. २०१५ च्या मार्चअखेर स्कोप लावून चालण्याचा वेग कमी करण्यात आला, तेव्हा फ्रान्सच्या केनीएससारख्या धावत्या शैलीच्या खेळाडूंची जी अडचण झाली ती पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. माझा सल्ला असा की, सहा महिने स्काउट ही दुर्बिणीची हलकी बंदूक वापरा. ती १७०० ला मिळते, डोक्याला एका गोळीत मारते, चिलखत घातलेल्या अंगाला मारत नाही, आणि त्यामुळे क्रॉसहेअर आपोआप वर राहायला शिकतो.

आता हात. १८९९ मध्ये रॉबर्ट वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञाने दाखवले होते की, नेमकी जागा गाठणारी हालचाल दोन तुकड्यांत होते: आधी एक मोठी, डोळे मिटूनही होईल अशी झेप आणि मग डोळ्यांनी पाहत केलेली बारीक दुरुस्ती. पुढे १९५४ मध्ये पॉल फिट्स यांनी लक्ष्य जितके लांब आणि जितके लहान, तितका वेळ किती वाढतो याचे सूत्रच मांडले. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये जे दिसले, म्हणजे पुढे निघून जाणे आणि परत येणे, ते याच दोन तुकड्यांचे चित्र आहे. ही झेप सरावाने सुधारते. पण ती लहान करणे हा स्वस्त उपाय आहे, आणि क्रॉसहेअर आधीच डोक्याच्या रेषेवर असेल तर ती लहान होते.

तुमची सेन्सिटिव्हिटी मात्र खरोखर जास्त आहे, आणि ते आकड्यांत दाखवतो. काउंटर-स्ट्राइकमध्ये माउसच्या प्रत्येक ठिपक्याला ०.०२२ अंश गुणिले सेन्सिटिव्हिटी इतके वळण मिळते. १६०० आणि १.५ या हिशेबाने तुमची पूर्ण गिरकी सुमारे १७ सेंटीमीटरमध्ये होते, म्हणजे हात एक मिलिमीटर हलला की नजर दोन अंशांहून अधिक फिरते. वीस मीटरवरचे डोके, पाव मीटर रुंद धरले तर, सुमारे ०.७ अंशांचे असते. याचा अर्थ हाताच्या एका मिलिमीटरच्या चुकीत तुमचा क्रॉसहेअर तीन डोक्यांइतका सरकतो. ८०० आणि १ ठेवलेत तर गिरकीला सुमारे ५२ सेंटीमीटर लागतील आणि तीच चूक एका डोक्याइतकी राहील. व्हॅलोरंटमध्ये तोच वेग हवा असेल तर काउंटर-स्ट्राइकच्या आकड्याला ३.१८ ने भागा. १ चे ०.३१४ होते. पहिले दोन आठवडे मागून आलेल्या शत्रूकडे वळता येणार नाही आणि तुम्ही मला शिव्या द्याल, त्या द्या, पण आकडा बदलू नका.

विंडोजमध्ये एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन नावाची एक खूण असते, ती काढून टाका. नाव फसवे आहे. ती चालू असताना माउस जोरात हलवला की पॉइंटर प्रमाणापेक्षा जास्त धावतो, त्यामुळे हाताला अंतर कधीच पाठ होत नाही. ज्या गेममध्ये रॉ इनपुट (विंडोजला वगळून थेट माउसची हालचाल घेण्याची सोय) नाही तिथे याचा फटका बसतो, आणि माझ्या तरुणपणी तो मला चांगलाच बसला. माझ्या घरच्या संगणकावर ती खूण वर्षानुवर्षे चालू होती. कोल्हापूरला एका स्पर्धेसाठी गेलो, तिथल्या मशीनवर ती बंद होती, आणि सकाळभरात माझी एकही गोळी धड लागली नाही. मी दोष संयोजकांच्या माउसला दिला, मोठ्याने दिला, आणि दुपारच्या बसने परत आलो. खरे कारण दोन महिन्यांनी कळले.

हवेचेही एक लक्षात ठेवा, विशेषतः तुम्ही खानापूरचे आहात म्हणून. जून ते सप्टेंबर तिकडच्या पावसात कापडी माउस पॅड ओल धरतो आणि माउस जड होतो. मुले म्हणतात नेम गेला, प्रत्यक्षात पॅड बसलेला असतो. रात्री पॅड उभा टांगून ठेवा.

माझ्या कॅफेत नातवाला न्यायला एक आजोबा येत, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले. एकदा ते नातवाच्या मागे उभे राहिले आणि दोन फेऱ्यांनी म्हणाले, "घोडा हिसकतोस, बाळा. बोटानं ओढ, मनगटानं नको." पोराला वाटले, आजोबांना माउसमधले काय कळते. मी त्याच्या हाताकडे पाहिले, तर शत्रू दिसताच त्याची पाचही बोटे माउसवर आवळली जात होती आणि बटण दाबताना माउस किंचित खाली-डावीकडे सरकत होता. माउस सैल धरायला आणि फक्त तर्जनी हलवायला सांगितले, तेव्हा त्याच्या पहिल्या गोळ्या लागू लागल्या. खऱ्या नेमबाजीत, जसे शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवताना केले, श्वास आवरून स्थिर व्हायला वेळ मिळतो. इथे तो मिळत नाही, पण आवळलेली मूठ नेम बिघडवते हे दोन्हीकडे सारखेच आहे.

एम ट्रेनरचा तास मी वीस मिनिटांवर आणीन. तिथे पाय नसतात, हे त्याचे मोठे वैगुण्य आहे. तुम्ही एका जागी उभे राहून फुगे फोडता आणि नेमकी जी गोष्ट चुकते तिचा सराव होतच नाही. उरलेली चाळीस मिनिटे डेथमॅचमध्ये, म्हणजे मेल्यावर लगेच परत येता येते अशा खेळात, फक्त एके किंवा वँडल घेऊन, एका लढतीत एकच गोळी, असे खेळा. पहिली चुकली तर दुसरी मारायची नाही. सरकायचे, ब्रेक मारायचा, पुन्हा एक. सुरुवातीला दर मिनिटाला मराल. गोट्या खेळताना दहा गोट्या एकदम फेकून कुणी नेम शिकलेला मी पाहिला नाही.

पिंगबद्दल, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या वेळाबद्दल, थोडक्यात. दोन्ही खेळांचे सर्व्हर मुंबईत आहेत आणि चांगल्या जोडणीवर आपल्याकडून अडचण येऊ नये. पण पिंग कितीही असो, कोपऱ्यातून बाहेर येणाऱ्याला थांबलेल्यापेक्षा क्षणभर आधी चित्र दिसते. म्हणून एकाच कोपऱ्यावर तास तास थांबून राहू नका, आणि एक गोळी मारून झाल्यावर जागा बदला. वायफायऐवजी केबल लावा.

बीजीएमआयचा प्रश्न निराळा आहे. तिथे गोळीला उडायला वेळ लागतो आणि ती खाली येते, जे काउंटर-स्ट्राइक व व्हॅलोरंटमध्ये होत नाही. कार९८ या लांब पल्ल्याच्या रायफलची गोळी सेकंदाला ७६० मीटर जाते, म्हणजे ३०० मीटरवर पोहोचायला तिला ०.४ सेकंद लागतो, आणि तेवढ्यात धावणारा माणूस सुमारे अडीच मीटर पुढे जातो. तिसऱ्या पातळीचे हेल्मेट ५५ टक्के डॅमेज अडवते, म्हणून कार९८ ची गोळी डोक्यात लागूनही तो माणूस पडत नाही. एअरड्रॉपमधली, म्हणजे विमानातून पडणाऱ्या पेटीतली, एडब्ल्यूएम ही रायफल त्याला पाडते. थांबलेल्या माणसाची वाट पाहा, तो औषध लावत असताना किंवा पेटी उघडत असताना.

मॉनिटरचे शेवटी. ६० हर्ट्झवर चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलते, १४४ वर ६.९ ने, म्हणजे तुमचे जास्तीत जास्त दहाएक मिलिसेकंद वाचतील आणि हलणारा शत्रू स्पष्ट दिसेल, जे खरोखर मोलाचे आहे. तुमचा संगणक सामन्याच्या धुमश्चक्रीतही १४४ फ्रेम देत असेल तर घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी घ्या. त्याआधी हात फिरायला जागा मिळेल असा मोठा पॅड घ्या, कारण ५२ सेंटीमीटरची गिरकी तुमच्या आत्ताच्या वहीएवढ्या पॅडवर मावणार नाही. महिन्याभराने पुन्हा रेकॉर्डिंग पाठवा, पण या वेळी पडद्याच्या कोपऱ्यात दाबलेल्या कळा दिसतील अशी सोय करून ठेवा. गोळी सुटताना डी सुटलेली आहे की नाही, एवढेच मला त्यात पाहायचे आहे.